दोन मायक्रॉनची तार

आमच्या बाबांच्या हॉस्पिटलच्या फाईलमध्ये सध्या सव्वीस ईसीजी आहेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत, तारखेप्रमाणे लावलेले. बाबा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, त्यामुळे प्रत्येक कागद जपून ठेवायची सवय. त्या प्रत्येक पट्टीच्या कडेला बारीक अक्षरात दोन आकडे छापलेले असतात. सेकंदाला २५ मिलिमीटर, आणि एका मिलिव्होल्टला १० मिलिमीटर.

बायोमेडिकल इन्स्ट्रुमेंटेशनच्या ओरलला एक्स्टर्नलनी मला नेमकं हेच विचारलं होतं. कागद पंचवीसच्याच वेगाने का पळतो? मी म्हटलं, सर, स्टँडर्ड आहे. कोणी ठरवलं? मी वर पंख्याकडे बघितलं. पंख्यावर काही लिहिलेलं नव्हतं. सरांनी शांतपणे पुढच्या रोल नंबरला हाक मारली.

नंतर एप्रिलमध्ये मी पुण्याच्या एका हॉस्पिटलमध्ये कॅथलॅबबाहेरच्या बाकावर बसलो होतो. आत बाबांचं अ‍ॅब्लेशन चाललं होतं. दुसरं. पहिलं गेल्या सप्टेंबरात झालं, तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते. सात महिन्यांनी जिना चढताना बाबांच्या छातीत पुन्हा तीच धडधड. डॉक्टर म्हणाले परत करावं लागेल, आणि घरात सगळ्यांचे चेहरे पडले. आईचं म्हणणं सरळ होतं, एवढा खर्च करून काम कच्चं कसं राहिलं? काका तर डॉक्टर बदला म्हणूनच मागे लागले. माझ्याकडेही उत्तर नव्हतं. इंजिनिअरिंगला आहे म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते एवढंच.

त्या बाकावर साडेतीन तास फाईल चाळता चाळता ओरलचा प्रश्न आठवला. ते २५ आणि १० ज्यांनी पहिल्यांदा वापरले त्यांचं नाव विलेम आइंथोव्हेन. हॉस्टेलला परत आल्यावर लायब्ररीत आणि रात्री कॉम्प्युटर लॅबमध्ये त्यांच्याबद्दल जे मिळालं ते वाचून काढलं. आपल्या ब्रँचला त्यांच्याबद्दल एका ओळीपलीकडे काही शिकवत नाहीत, आणि ही मला जरा चूकच वाटते.

विलेमचा जन्म २१ मे १८६० चा, जावा बेटावरच्या सेमारांग गावातला. आजच्या इंडोनेशियात तेव्हा डच लोकांचं राज्य होतं. वडील डॉक्टर. विलेम सहा वर्षांचा असताना ते वारले. आईच्या पदरात सहा मुलं. चार वर्षं तिने तिथेच काढली आणि १८७० मध्ये सगळा बाडबिस्तरा घेऊन ती हॉलंडमधल्या उट्रेख्त शहरात आली. दहा वर्षांच्या पोराने अख्खं जग ओलांडून शाळा बदलली म्हणायची.

पुढे तो उट्रेख्त विद्यापीठात मेडिकलला गेला. वडिलांसारखंच डॉक्टर होऊन जावाला परत जायचं असा बेत होता. पण हा मुलगा पुस्तकात डोकं घालून बसणाऱ्यातला नव्हता. जिमखान्यात पुढे, तलवारबाजीत पुढे, विद्यार्थ्यांचा नौकानयनाचा क्लब काढण्यात पुढे. (आपल्या जिमखाना सेक्रेटरींनी नोंद घ्यावी.) एकदा कसरत करताना पडून मनगट मोडलं. हात बांधून घरी बसायची वेळ आली, तर पठ्ठ्याने हात वळवताना कोपराचा सांधा नक्की कसा फिरतो याचाच अभ्यास केला आणि त्यावर पेपर लिहिला. १८८५ मध्ये पीएच.डी. झाली ती डोळ्यांवर, रंगांच्या फरकामुळे चित्रात खोली का भासते यावर. त्याच वर्षी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, लायडन विद्यापीठाने त्याला शरीरक्रियाशास्त्राचा प्रोफेसर नेमलं. जावा राहिलं ते राहिलंच.

आता ते प्रोफेसर झाले, तेव्हा यापुढे अहो-जाहो.

हृदयाच्या विजेकडे ते वळले ते एका कुत्र्यामुळे, असं म्हटलं तरी चालेल. लंडनच्या ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ मध्ये माणसाच्या हृदयाची वीज छातीवरूनच, काही न कापता, पहिल्यांदा टिपली होती. वॉलर यांचा जिमी नावाचा बुलडॉग होता. प्रात्यक्षिकाच्या वेळी तो मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत पाय बुडवून गुपचूप उभा राहायचा आणि त्याच्या हृदयाच्या ठोक्याबरोबर उपकरणातला पारा वरखाली व्हायचा. पुढे १९०९ मध्ये कोणीतरी कुत्र्याच्या छळाची तक्रार केली आणि प्रकरण थेट ब्रिटिश पार्लमेंटमध्ये गेलं. तिथे मंत्र्यांना उत्तर द्यावं लागलं की खारट पाण्यात पाय बुडवून उभं राहण्यात छळ नाही. असो. १८८९ मध्ये बाझेलला शरीरक्रियाशास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथे आइंथोव्हेन यांनी वॉलर यांचं प्रात्यक्षिक पाहिलं.

वॉलर वापरत होते ते उपकरण म्हणजे कॅपिलरी इलेक्ट्रोमीटर. काचेच्या केसासारख्या बारीक नळीत पारा आणि त्याच्यावर सौम्य सल्फ्युरिक आम्ल. विजेचा दाब बदलला की पाऱ्याची कड सरकते आणि तिची सावली फोटोच्या प्लेटवर उमटते. अडचण ओळखीचीच आहे. पारा जड आणि आळशी. हृदयातली वीज एका सेकंदाच्या काही शतांशात उसळून खाली येते, तोपर्यंत पारा निम्म्या वाटेत. म्हणजे कागदावर जे दिसतं ते हृदयाचं चित्र नाही, हृदय आणि पारा दोघांची खिचडी आहे.

आपण फर्स्ट ऑर्डर सिस्टीमचा रिस्पॉन्स शिकतो ना, तेच हे. आइंथोव्हेन यांचं शिक्षण डॉक्टरकीचं. कॅल्क्युलस त्यांनी प्रोफेसर झाल्यावर स्वतःच्या स्वतः शिकून घेतलं. मग रेषेच्या प्रत्येक बिंदूवर स्पर्शिकेचा उतार मोजायचा, उपकरणाचा स्थिरांक लावायचा आणि पारा आळशी नसता तर कुठे असता ते काढायचं. एकेका ठोक्यासाठी हाताने आकडेमोड. त्यातून १८९५ मध्ये दुरुस्त केलेली रेषा समोर आली. कच्च्या रेषेतल्या उंचवट्यांना ए, बी, सी, डी अशी नावं होती, म्हणून दुरुस्त रेषेसाठी वेगळी अक्षरं हवी होती. त्यांनी पी, क्यू, आर, एस, टी घेतली. जगातला प्रत्येक डॉक्टर आजही हीच अक्षरं वापरतो. पी म्हणजे हृदयाचे वरचे दोन कप्पे आकुंचन पावण्याआधीची विजेची लाट. क्यू-आर-एस म्हणजे खालच्या मोठ्या कप्प्यांची. टी म्हणजे खालचे कप्पे पुन्हा पुढच्या ठोक्याला तयार होतानाची.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्यांच्याकडे उत्तर आलेलं होतं. पेपर छापून झाला होता, नाव झालं होतं, नोकरी पक्की होती. आपल्यासारख्याने जर्नल सबमिट करून टाकलं असतं. पण यांना त्या उत्तरावर भरवसा नव्हता, कारण ते उत्तर गणिताने काढलेलं होतं, उपकरणाने दाखवलेलं नव्हतं. लायडनच्या दगडी रस्त्यावरून घोडागाडी गेली तरी प्रयोगशाळा हलायची आणि पारा थरथरायचा. ते थांबवायला जमीन खणून खाली मोठे दगड भरले, तरी पुरतं जमलं नाही. शेवटी त्यांनी सगळं बाजूला ठेवलं आणि तेच मोजमाप पहिल्यापासून नव्याने करायचं ठरवलं.

मूव्हिंग कॉईल गॅल्व्हनोमीटर आपण लॅबमध्ये पाहिलाय. चुंबकात टांगलेली कॉईल, करंट गेला की वळते. कॉईल जड, म्हणून मंद. मग कॉईलचे वेढे कमी केले तर? आणखी कमी केले तर? आइंथोव्हेन या वाटेने शेवटपर्यंत गेले आणि कॉईलची एकच सरळ तार उरली. ती एका जबरदस्त इलेक्ट्रोमॅग्नेटच्या दोन ध्रुवांमध्ये ताणायची. करंट गेला की तार बाजूला सरकते, तिची सावली सूक्ष्मदर्शकातून सहाशे पटींहून मोठी करून सरकत्या फोटो-प्लेटवर घ्यायची. तार साध्या धातूची चालणार नव्हती, जड पडते. म्हणून काच वितळवतात तसं क्वार्ट्ज वितळवायचं, त्याचा थेंब बाणाच्या शेपटीला चिकटवायचा आणि बाण सोडायचा. बाण खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचतो तेव्हा मागे धागा लोंबत असतो. ही युक्ती चार्ल्स बॉइज या इंग्रज शास्त्रज्ञाची. त्या धाग्यावर चांदीचा मुलामा द्यायचा. जाडी सुमारे दोन मायक्रॉन. आपला केस याच्या तीसेक पट तरी जाड असतो. नुसत्या डोळ्यांना ती तार धड दिसतही नसे.

बरोबरीने हेही सांगायला हवं की ताणलेल्या तारेची कल्पना आधी फ्रान्सच्या क्लेमां आदेर यांनी १८९७ मध्ये समुद्राखालच्या टेलिग्राफसाठी वापरली होती. पण टेलिग्राफला टिंब आणि रेघ कळली की काम भागतं. हृदयाला नाही भागत.

१९०१ मध्ये नव्या उपकरणाची माहिती छापून आली, आणि १९०३ च्या पेपरात त्यांनी दोन रेषा मांडल्या. एक, आठ वर्षांपूर्वी पाऱ्यावरून गणिताने काढलेली. दुसरी, तारेने थेट काढलेली. दोन्ही जवळजवळ सारख्या! मला विचाराल तर त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस नोबेलचा नसावा, हा असावा.

त्याच पेपरात ते आकडे आहेत. आडव्या रेषेवर एक मिलिमीटर म्हणजे ०.०४ सेकंद, उभ्या रेषेवर एक मिलिमीटर म्हणजे एक दशांश मिलिव्होल्ट. गुणाकार करून बघा. सेकंदाला २५, मिलिव्होल्टला १०. तारेचा ताण कमीजास्त करून उपकरण बरोबर एवढ्याच संवेदनेवर आणायचं, म्हणजे लायडनचा कागद आणि लंडनचा कागद शेजारी ठेवून वाचता येईल. तर एक्स्टर्नल सर, उत्तर थोडं उशिरा देतोय.

उपकरण म्हणजे काय प्रकरण होतं! वजन २७० किलोच्या आसपास, दोन खोल्या भरतील एवढा पसारा, चालवायला पाच माणसं, चुंबक तापू नये म्हणून सतत पाणी. पेशंटने दोन हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचं. आजही ईसीजीच्या पहिल्या तीन लीड त्याच दोन हात आणि डाव्या पायाच्या आहेत. फक्त भांडी गेली आणि चिमटे आले.

आता एवढा डोंगर हॉस्पिटलमध्ये नेणार कसा? आणि हॉस्पिटलचे गंभीर पेशंट प्रयोगशाळेत आणणार कसे? तोडगा एकदम आपल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना आवडेल असा आहे. उपकरण जागेवरच ठेवलं आणि दीड किलोमीटरवरच्या हॉस्पिटलपर्यंत टेलिफोनच्या तारा जोडल्या. २२ मार्च १९०५ रोजी पहिला टेलिकार्डिओग्राम निघाला. माणूस इकडे भांड्यांत हात घालून बसलाय आणि त्याचा ठोका गावाच्या दुसऱ्या टोकाला उमटतोय. पहिला माणूस चांगला धडधाकट होता. त्याच्या रेषेतला आर जरा जास्तच उंच आला, त्याचं कारण असं दिलं जातं की गडी प्रयोगशाळेतून हॉस्पिटलपर्यंत सायकल मारत गेला होता.

या तारांवरून आलेल्या आजारी हृदयांच्या रेषा त्यांनी १९०६ मध्ये छापल्या. आणि त्यातली एक रेषा बघून मी लायब्ररीत खुर्चीतच सरळ झालो. आर आहेत, पण कुठे जवळ, कुठे लांब, कशाचा कशाला मेळ नाही. मधली रेषा सपाट नाही, बारीक थरथरतेय. आणि पी? पी कुठेच नाही. आमच्या फाईलमधली चौथ्या नंबरची पट्टी डिट्टो अशीच आहे. एट्रियल फिब्रिलेशनचा छापून आलेला हा पहिला ईसीजी.

गंमत अशी की आपण काय छापलंय ते तेव्हा कोणालाच नीट माहीत नव्हतं. आइंथोव्हेन यांनी तिला अनियमित आणि कमीजास्त जोराची नाडी अशा अर्थाचं लॅटिन नाव देऊन ठेवलं. इंग्लंडमध्ये बर्नली नावाच्या गिरणगावात जेम्स मॅकेन्झी हे साधे फॅमिली डॉक्टर अशा पेशंटच्या मनगटाची आणि मानेतल्या शिरेची नाडी वर्षानुवर्षं कागदावर उतरवत होते. मानेतल्या शिरेतली वरच्या कप्प्याची लाट या पेशंटमध्ये नाहीशी होते, हे त्यांना दिसलं होतं. त्यांनी अंदाज केला की वरचा कप्पा लुळा पडलाय. अंदाज चुकला होता. १९०९ मध्ये लंडनच्या थॉमस लुईस यांनी तारेचा गॅल्व्हनोमीटर लावून दाखवून दिलं, आणि त्याच वर्षी व्हिएन्नाच्या रोथबर्गर आणि विंटरबर्ग यांनीही, की वरचा कप्पा लुळा नाही, उलट तो वेड्यासारखा थरथरतोय. मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे वेळा. मेसची रांग मोडून सगळे एकदम दारात घुसले की कसं, कोणीच धड आत जात नाही, तसं होतं. रक्त पुढे ढकललं जात नाही, तिथेच घुटमळतं, गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूकडे गेली तर लकवा. म्हणून बाबांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी.

आता इथे शंभर वर्षांची उडी मारतो, कारण आईच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय.

ही थरथर सुरू कुठून होते हे कळायला १९९८ साल उजाडलं. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात मिशेल हैसाग्वेर आणि सहकाऱ्यांनी ४५ पेशंटच्या हृदयात बारीक वायर सोडून आतूनच ईसीजी घेतला. ठिणगी पडण्याच्या ६९ जागा सापडल्या, त्यातल्या ९४ टक्के फुप्फुसाकडून रक्त आणणाऱ्या शिरांच्या आत. मग उपाय ठरला. मांडीच्या शिरेतून वायर हृदयात न्यायची, मधला पडदा ओलांडून डाव्या वरच्या कप्प्यात जायचं आणि त्या शिरांच्या तोंडाभोवती रेडिओ लहरींच्या उष्णतेने एकेक ठिपका भाजत कडं पूर्ण करायचं. भाजलेल्या जागी व्रण होतो, व्रणातून वीज जात नाही. ठिणगी शिरेतच अडकते.

मग परत का? डॉक्टरांनी मला कागदावर काढून दाखवलं. काही पेशी पूर्ण मरत नाहीत, नुसत्या सुजून गप्प होतात. त्या दिवशी तपासलं तर कडं बंद दिसतं. काही आठवड्यांनी सूज उतरते, त्या पेशी जाग्या होतात आणि कड्याला फट पडते. सगळीकडे जास्त भाजावं म्हटलं तर तेही चालत नाही, कप्प्याची भिंत काही मिलिमीटरचीच आणि तिच्या लगेच मागे अन्ननलिका. म्हणजे कमी भाजलं तर फट, जास्त भाजलं तर भोक. दुसऱ्या वेळी डॉक्टर आधी शोधतात की कोणत्या शिरेतून वीज परत यायला लागली, आणि तेवढीच जागा पुन्हा भाजतात. काहींना तिसऱ्यांदाही करावं लागतं. अलीकडे उष्णतेऐवजी विजेच्या अतिसूक्ष्म झटक्यांनी पेशी मारायची पद्धतही आली आहे.

हे मी घरी सांगितलं तेव्हा आईला निम्मं कळलं. बाबांना मात्र एका मिनिटात कळलं. ते म्हणाले की हे तर टाक्याटाक्याने केलेलं वेल्डिंग. पाणी भरून तपासलं तेव्हा टाकी गळत नाही, गाडी रस्त्यावर धक्के खायला लागली की कच्चा टाका उघडतो. मग टाकी फेकून द्यायची नसते, तो टाका शोधायचा असतो. काकांचं डॉक्टर बदलणं तिथेच थांबलं.

आइंथोव्हेन यांनी स्वतः एकही पेशंट बरा केला नाही. तशी त्यांची इच्छाही नव्हती. ते मोजत राहिले. केंब्रिजच्या कारखान्यात, जो चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव होरेस चालवत, त्यांचं उपकरण टेबलावर मावेल असं होत गेलं. १९०८ मध्ये पहिलं एडिंबरोला गेलं. म्युनिकच्या एका कारखानदाराने सुरुवातीला रॉयल्टी दिली आणि मग थोडीफार सुधारणा करून द्यायची बंद केली. आइंथोव्हेन यांना वाईट वाटलं असणारच, पण त्यात ते अडकून पडले नाहीत. ज्या वॉलर यांच्यामुळे हे सगळं सुरू झालं त्यांना मात्र १९११ च्या सुमारासही हॉस्पिटलमध्ये याचा फारसा उपयोग होईल असं वाटत नव्हतं. वॉलर १९२२ मध्ये गेले.

१९२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल आइंथोव्हेन यांना जाहीर झालं तेव्हा ते अमेरिकेत व्याख्यानांच्या दौऱ्यावर होते. पुढच्या वर्षी स्टॉकहोमला दिलेल्या भाषणात त्यांनी लुईस यांचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं. उपकरण आपलं, पण त्याचा पेशंटला उपयोग दाखवला तो लुईस यांनी, असा त्याचा भाव होता. आणखी एक गोष्ट सांगतात. उपकरण घडवताना त्यांच्याबरोबर व्हान डेर वूर्ड नावाचे सहायक होते, म्हणजे आपल्या भाषेत लॅब असिस्टंट. बक्षीस मिळालं तेव्हा ते हयात नव्हते. त्यांच्या दोन बहिणी गरिबीत राहतात असं कळल्यावर आइंथोव्हेन यांनी त्यांना शोधून काढलं आणि बक्षिसाची निम्मी रक्कम देऊन टाकली. आपल्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबमधल्या मामांना मी ही गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि मल्टीमीटर परत करताना सही करायला विसरू नकोस म्हणाले.

त्यांचा मुलगा इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला. त्याने तार निर्वातात ठेवून उपकरण आणखी चपळ केलं, आणि बापलेकांनी त्या तारेवर थेट जावाहून हॉलंडला आलेले रेडिओचे संदेश टिपले. मुलगा पुढे बांडुंगच्या रेडिओ प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. दहा वर्षांचा विलेम ज्या बेटावरून बोटीत बसून निघाला, त्या बेटाचा आवाज म्हातारपणी त्याच्याच तारेवर उमटला. २९ सप्टेंबर १९२७ रोजी लायडनमध्ये आइंथोव्हेन यांचं निधन झालं. वय ६७.

दुसऱ्या अ‍ॅब्लेशननंतरचे पहिले दोन-तीन महिने धरायचे नसतात. जखम भरत असते, तेव्हा मधूनच धडधडलं तरी लगेच हार मानायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मे महिन्यात दोनदा धडधडलं, आणि दोन्ही वेळा आई रात्रभर उशाशी बसून होती. जुलैमध्ये तपासणी झाली. पट्टी मशीनमधून बाहेर आली तशी बाबांनी ती डॉक्टरांच्या आधी माझ्याकडे दिली आणि तो पी की काय तो दाखव म्हणाले. मी बोट ठेवून दाखवला. छोटासा उंचवटा, अडीच मिलिमीटरपेक्षाही कमी, प्रत्येक आरच्या आधी एक. बाबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, परत लावला, पट्टीच्या टोकापर्यंत एकेक मोजत गेले. मग घडी घालून ती पिशवीत सगळ्यात मागे ठेवली. सव्विसावी. पुढची तारीख ऑक्टोबरची आहे.

– तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन